आतड्यातलं यीस्ट, ढोलीतलं यीस्ट

ब्लड कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, यीस्ट आलं असं कळलं की पेशंटच्या घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "हे आलं कुठून?" कुणी हॉस्पिटलच्या पाण्यावर संशय घेतं, कुणी मागच्या आठवड्यात बाहेर खाल्लेल्या वडापाववर. एका आजींनी रिपोर्ट हातात धरून विचारलं होतं, "मॅडम, पावात घालतात तेच का हो हे?" लॅबच्या खिडकीत उभ्याउभ्या दोन वाक्यांत देता येईल असं याचं उत्तर नाही. बुरशीच्या टेबलावर माझी नोकरीची बहुतेक वर्षं गेली, आणि हा प्रश्न मला अजूनही सगळ्यात मोलाचा वाटतो. म्हणून आज तो जरा निवांतपणे घेते.

पावातलं यीस्ट म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. निरोगी माणसाच्या ते वाटेला जात नाही. रक्तात सापडतं ते बहुतेक वेळा कँडिडा, आणि त्यातलं सर्वांत परिचित नाव कँडिडा अल्बिकन्स. ते 'येत' नाही, ते असतंच. जन्मानंतर थोड्याच दिवसांत बाळाच्या तोंडात, आतड्यात त्याची वस्ती होऊ लागते, आणि असंख्य धडधाकट माणसं ते आयुष्यभर बाळगून असतात. त्यांना त्याचा पत्ताही नसतो. तेव्हा घरच्यांना मी सांगते, बाहेर शोधू नका. इतकी वर्षं गप्प बसलेलं यीस्ट आत्ताच का उठलं, ते आपण बघू.

ते कसं उठतं हे मात्र डोळ्यांनी बघता येतं. आमच्याकडे विद्यार्थ्यांना शिकवायची अगदी पहिली चाचणी म्हणजे जर्म ट्यूब टेस्ट. लहान टेस्ट ट्यूबमध्ये अर्धा मिलिलिटर मानवी सीरम (रक्त गोठल्यावर वर उरणारं पिवळसर पाणी) घ्यायचं, वायर लूपने यीस्टच्या वसाहतीला नुसता स्पर्श करून तो त्यात बुडवायचा आणि ट्यूब ३७ अंशांवर ठेवून द्यायची. दोन-अडीच तासांनी एक थेंब स्लाइडवर, वर कव्हरस्लिप, आणि चाळीसच्या लेन्सखाली नजर. आत टाकताना सगळ्या पेशी गोल-लांबट होत्या. आता मोड आलेल्या मटकीसारख्या दिसतात: प्रत्येकीच्या अंगातून एक सरळ, बारीक नळी बाहेर आलेली. मी मुलांना सांगते, नळीच्या टोकाकडे बघू नका, बुडाशी बघा. जिथून ती निघते तिथे जरासुद्धा आवळलेलं नसेल तर बहुधा अल्बिकन्स. आवळलेलं दिसलं तर घाई करू नका, दुसरी जात असू शकते.

या चाचणीत आपण त्या यीस्टला काय दिलं, याचा विचार फार थोडे करतात. कुठलंही खास रसायन नाही. माणसाचं सीरम आणि माणसाच्या अंगाची ऊब, बस्स. म्हणजे त्या ट्यूबमध्ये जे घडलं तेच रक्तात शिरल्यावर घडणार. आपलं शरीर हाच त्याला रूप बदलायचा इशारा असतो.

ही नळी वाढत जाऊन तंतू होतो आणि खरं नुकसान तंतू करतो. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओच्या संशोधकांनी २००३ साली याचा फार सुरेख प्रयोग केला होता. त्यांनी असं अल्बिकन्स तयार केलं की त्याचं तंतू धरणं बाहेरून चालू-बंद करता यावं. डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक त्याचं बटण. उंदरांच्या शिरेत हे यीस्ट सोडलं. ज्यांच्या पिण्याच्या पाण्यात डॉक्सिसायक्लिन होतं, त्यांच्यात तंतू झाले आणि ते उंदीर मेले. ज्यांना साधं पाणी मिळालं, त्यांच्या किडन्यांमध्ये यीस्ट भरपूर होतं, तरी ते उंदीर जगले. पुढे काही दिवसांनी त्यांच्याही पाण्यात औषध घातलं, आणि मग आतलं यीस्ट तंतू धरू लागलं. पेशंटच्या अंगात किती यीस्ट आहे, एवढाच आकडा धरून बसणाऱ्यांना मी हा प्रयोग नेहमी सांगते.

तंतू नेमकं काय करतो, याचा मोठा दुवा २०१६ मध्ये हाती आला. लंडनचं किंग्ज कॉलेज आणि जर्मनीतलं येना इथल्या गटांनी मिळून दाखवलं की तंतू एक छोटंसं विष सोडतो, अवघ्या ३१ अमिनो आम्लांचं. नाव कँडिडालायसिन. माणसाला रोग करणाऱ्या बुरशीत अशा प्रकारचं प्रथिन-विष पहिल्यांदाच सापडत होतं. तंतू आपल्या आतल्या अस्तराच्या पेशीवर टेकतो, तिला आत दाबत जातो, आणि त्या दाबून झालेल्या खोबणीत हे विष साठतं. तिथे ते पेशीच्या पडद्याला भोकं पाडतं. कमाल अशी की हे विष ज्या प्रथिनातून कापून निघतं, ते प्रथिन आणि त्याचं जनुक संशोधकांना वर्षानुवर्षं माहीत होतं. तंतू धरला की हे जनुक जोरात चालू होतं एवढं ठाऊक होतं. त्याचं काम काय, ते कळत नव्हतं.

इथवर आलं की मुलं खूश होतात. तंतू सापडला, विष सापडलं, गुन्हेगार सापडला. मला मात्र इथूनच पुढची गोष्ट महत्त्वाची वाटते. जे यीस्ट आपल्या आतड्यात पिढ्यान्‌पिढ्या शांतपणे राहतं, त्याने हे विष सांभाळून ठेवलं ते कशासाठी? यजमान मेला तर याचाही आसरा जातो. माणसाला मारण्यात अल्बिकन्सचा काडीचा फायदा नाही.

उत्तराचा एक तुकडा सिंगापूरहून २०१८ मध्ये आला. तिथल्या संशोधकांनी उंदरांच्या आतड्यातले जिवाणू अँटिबायोटिकने साफ केले आणि त्या रिकाम्या आतड्यात अल्बिकन्सला आठवडेच्या आठवडे, एका उंदरातून दुसऱ्यात असं वाढू दिलं. काही काळाने तिथे जी वाणं वरचढ ठरली, त्यांनी तंतू धरणंच सोडून दिलं होतं. त्यांची घातकताही ओसरली होती. पण जिथे आतड्यातले जिवाणू जागेवर होते, तिथे यीस्टने तंतू धरायची क्षमता टिकवली. शेजारी असतील तरच तंतू लागतो. पुढे २०२४ मध्ये आणखी एक अभ्यास आला: जिवाणूंच्या गर्दीत आतड्यात जागा धरून ठेवायला अल्बिकन्सला तंतू आणि कँडिडालायसिन दोन्ही उपयोगी पडतात. म्हणजे जे विष आपल्या पेशींना भोकं पाडतं, तेच त्याला रोजच्या शेजाऱ्यांच्या भाऊगर्दीत तगून राहायला मदत करतं. आपण मधे सापडतो, ते शेजाऱ्यांची आणि आपली घडी विस्कटते तेव्हा.

आणि ती घडी बहुतेक वेळा आपणच विस्कटतो, उपचार करताना. आयसीयूतला पेशंट डोळ्यांसमोर आणा. जोरदार अँटिबायोटिक चालू असल्याने आतड्यातले जिवाणू गेलेले. पोटाची शस्त्रक्रिया झाल्याने आतड्याचं अस्तर फाटलेलं. मानेतल्या शिरेत सेंट्रल लाइन, म्हणजे बाहेरून थेट रक्तात जाणारा रस्ता, आणि तिच्या प्लॅस्टिकवर यीस्टचा चिकट थर बसायला उत्तम जागा. केमोथेरपी झाली असेल तर न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशीही घटलेल्या. यातली प्रत्येक गोष्ट जीव वाचवण्यासाठीच केलेली असते. उंदरांवरच्या प्रयोगांत तर दिसलंय की आतड्यात यीस्टची वस्ती असूनही नुसत्या एका बिघाडाने ते रक्तात पसरत नाही. न्यूट्रोफिल घटणं आणि अस्तर फाटणं, दोन्ही जुळून यावं लागतं.

एचआयव्हीच्या साथीने हाच धडा दुसऱ्या बाजूने शिकवला. एड्सच्या पेशंटच्या जिभेवर, टाळूवर, घशात कँडिडाचा पांढरा थर हे त्या काळातलं नेहमीचं दृश्य होतं. खाताना, गिळताना माणसं रडायची. पण रक्तात कँडिडा शिरल्याचं त्यांच्यात फारसं दिसायचं नाही. कारण एचआयव्ही मारतो त्या टी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी, आणि त्या तोंडाच्या अस्तराची राखण करतात. रक्ताची राखण मुख्यतः न्यूट्रोफिल करतात, आणि ते शाबूत होते. यीस्ट तेच. पहारा कुठे ढिला पडला, त्यावर रोग कुठे होणार हे ठरलं.

बायकांच्या बाबतीत तर पहारा जास्त झाला तरी त्रास होतो, आणि हे मला मुद्दाम लिहायचंय. चारपैकी तीन बायकांना आयुष्यात कधी ना कधी योनीमार्गात कँडिडाचा त्रास होतो: खाज, आग, दह्यासारखा स्राव. "अंगावरून पांढरं जातं" हे त्या अजूनही आवाज उतरवून सांगतात, आणि घरातलं कुणीतरी त्याचा संबंध स्वच्छतेशी लावून मोकळं होतं. न्यू ऑर्लिन्समध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्वयंसेवक स्त्रियांच्या योनीत जिवंत कँडिडा सोडून बघितलं. ज्यांना त्रास झाला, त्यांच्या स्रावात न्यूट्रोफिलची गर्दी होती. ज्यांना झाला नाही, त्यांच्यात यीस्ट असूनही ही गर्दी नव्हती. आग आणि खाज होते ती बऱ्याच अंशी आपल्याच पेशी धावून आल्यामुळे. त्यात त्या बाईच्या स्वच्छतेचा काय दोष? उलट अँटिसेप्टिक घालून धुवत राहिलं की त्वचा आणखी सोलवटते आणि तिथले उपयोगी जिवाणू जातात.

आर्तुरो कासादेवाल आणि लिझ-ॲन पिरोफ्स्की या दोन अमेरिकी डॉक्टर-संशोधकांनी १९९९ मध्ये हे सगळं एका विचारात बांधलं. त्यांचं म्हणणं असं की घातकपणा एकट्या जंतूच्या अंगी मोजताच येत नाही. मोजायचं ते यजमानाचं नुकसान, आणि ते दोघांच्या झटापटीतून होतं. प्रतिकार फार कमी पडला तरी नुकसान, फार झाला तरी नुकसान. माझ्या विषयात गेल्या पन्नास वर्षांत मांडला गेलेला सर्वांत कामाचा विचार कुठला असं कुणी विचारलं, तर मी हाच सांगेन.

तंतूवर फार भिस्त ठेवू नये, याची आठवण कँडिडा ग्लॅब्राटा करून देतं. ते माणसात खरा तंतू धरत नाही, कँडिडालायसिनही त्याच्याकडे नाही. आपल्या भक्षक पेशींनी, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींनी, गिळलं की आतच मुकाट्याने वाढत राहतं. आणि आजींच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे: नात्याने हे अल्बिकन्सपेक्षा पावाच्या यीस्टला जवळचं. भारतातल्या आयसीयूंमध्ये तर अल्बिकन्स पहिल्या नंबरवरही नाही. २७ आयसीयूंच्या एका मोठ्या अभ्यासात सर्वांत जास्त, ४१.६ टक्के, कँडिडा ट्रॉपिकॅलिस निघालं.

आता ढोलीतलं यीस्ट. क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स.

महिनाभर डोकं दुखतंय म्हणून मेडिकलमधून गोळ्या आणून खात राहिलेला एक रंगकाम करणारा माणूस आमच्याकडे दाखल झाला होता. नंतर उलट्या, नंतर एकाचे दोन दिसायला लागलं. पाठीच्या कण्यातलं पाणी लॅबमध्ये आलं ते दिसायला अगदी स्वच्छ. स्लाइडवर त्याचा एक थेंब, शेजारी इंडिया इंकचा छोटा थेंब, दोन्ही मिसळून वर कव्हरस्लिप. लेन्सखाली सगळं काळं. नजर स्थिरावली की त्या काळ्यात मोकळी, स्वच्छ वर्तुळं दिसतात आणि प्रत्येक वर्तुळाच्या मधोमध एक गोल पेशी. शाईचे कण त्या वर्तुळात शिरू शकत नाहीत, कारण तिथे यीस्टने स्वतःभोवती शर्करेचं जाड, बुळबुळीत कवच केलेलं असतं. कित्येकदा कवच पेशीपेक्षाही रुंद असतं. त्या माणसाची एचआयव्हीची तपासणी तोवर कुणी केलेली नव्हती. ती नंतर झाली, पॉझिटिव्ह.

हे कवच म्हणजे क्रिप्टोकॉकसची मुख्य ताकद. भक्षक पेशींना ते नीट गिळता येत नाही. कवचाची शर्करा सुटून मेंदूभोवतीच्या पाण्यात मिसळते, ते पाणी शोषून घेणाऱ्या वाटा तुंबतात आणि डोक्यातला दाब चढत जातो. डोकेदुखी त्याची. म्हणून या रोगात पाठीतून पुन्हा पुन्हा पाणी काढणं हा उपचाराचाच भाग असतो, आणि "सारखं सारखं पाणी काढू नका" म्हणून अडवणाऱ्या नातेवाइकांना हे समजावून सांगावंच लागतं. दुसरी ताकद मेलॅनिन. काळ्या रंगाचं हे द्रव्य यीस्ट स्वतःच्या भिंतीत बनवतं आणि आपल्या पेशींनी फेकलेल्या जहाल ऑक्सिजनपासून वाचतं. ते बनवायला लागणारा कच्चा माल, डोपामिनसारखी द्रव्यं, मेंदूत आयता मिळतो.

पण क्रिप्टोकॉकस माणसात राहणारं यीस्ट नाही. ते कबुतरांच्या विष्ठेत सापडतं, मातीत सापडतं, झाडांच्या कुजक्या लाकडात सापडतं. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधल्या एच. एस. रंधावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जांभळाच्या झाडांच्या ढोलीतून ते काढून दाखवलं. एका माणसातून दुसऱ्यात ते सहसा जातच नाही. मग माणसाशी झुंजायचं हे सगळं सामान त्याच्याकडे आलं कसं?

न्यू यॉर्कमध्ये कासादेवाल यांच्याच गटाने २००१ मध्ये ते अमिबासमोर ठेवून बघितलं. मातीतला अमिबा यीस्ट खाऊनच जगतो. कवच नसलेलं क्रिप्टोकॉकस त्याने खाऊन टाकलं. कवच असलेलं मात्र अमिबाच्या आत वाढलं आणि त्यानेच अमिबाला मारलं. आपली भक्षक पेशी आणि अमिबा, दोघांची गिळायची रीत बरीच सारखी आहे. अमिबापासून वाचायला जे कमावलं, ते आपल्या फुप्फुसातही चाललं. मेलॅनिनचंही तेच, उन्हापासून रक्षण हे त्याचं बाहेरचं काम. आपला या भांडणाशी मुळात संबंध नव्हता.

आपण सगळे हे यीस्ट श्वासातून घेतो. ब्राँक्समधल्या मुलांच्या रक्ताच्या तपासणीत दोन वर्षांवरच्या बहुतेक मुलांमध्ये त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं सापडली होती, आणि ती मुलं ठणठणीत होती. दादरच्या कबुतरखान्यावरून २०२५ मध्ये एवढं रान उठलं तेव्हा मला ओळखीच्यांचे बरेच फोन आले. कबुतरांच्या विष्ठेचा, पिसांचा धुरळा फुप्फुसाला वाईटच, त्याबद्दल दुमत नाही. पण धडधाकट माणसाने क्रिप्टोकॉकसच्या भीतीने झोप घालवू नये. किडनी बदललेल्यांनी, एचआयव्हीची औषधं नुकतीच सुरू झालेल्यांनी मात्र त्या विष्ठेची साफसफाई स्वतः करू नये.

एचआयव्हीच्या औषधांचं निघालंच आहे तर एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती अंगावर काटा आणते. युगांडा आणि दक्षिण आफ्रिकेत झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत क्रिप्टोकॉकसच्या मेनिंजायटिसच्या, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज आलेल्या, पेशंटांचे दोन गट केले. एकाला एचआयव्हीची औषधं एक-दोन आठवड्यांत सुरू केली, दुसऱ्याला साधारण पाच आठवड्यांनी. औषध लवकर मिळालेल्या गटात २६ आठवड्यांत ४५ टक्के दगावले, थांबलेल्या गटात ३० टक्के. प्रतिकारशक्ती परत येते तेव्हा ती मेंदूभोवती उरलेल्या यीस्टवर तुटून पडते, आणि डोक्याच्या कवटीत त्या दंगलीला जागा नसते, हे याचं एक कारण मानतात. आता सगळीकडे चार ते सहा आठवडे थांबतात.

औषधांच्या बाबतीत बुरशीने आपल्याला कायम अडचणीत धरलंय. यीस्टची पेशी आपल्या पेशीशी फार मिळतीजुळती आहे, त्यामुळे तिला मारताना आपल्याला धक्का न लावणारी जागा कमीच मिळते. त्यातली एक म्हणजे एर्गोस्टेरॉल. यीस्टच्या पडद्यात ते असतं, आपल्या पडद्यात कोलेस्टेरॉल. अँफोटेरिसिन हे बुरशीनाशक एर्गोस्टेरॉलला धरतं, पण थोडंफार कोलेस्टेरॉललाही धरतं, आणि मग पेशंटला हुडहुडी भरते, पोटॅशियम उतरतं, किडनी कुरकुरते. याच जातकुळीतलं हॅमायसिन आपल्या पिंपरीत सापडलं, हे आज पुण्यातल्याही फार थोड्यांना माहीत असेल. हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला एम. जे. थिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी ते स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना या जिवाणूपासून काढलं. तोंडातल्या आणि योनीतल्या कँडिडावर ते लावायला देत. एका सरकारी कारखान्याच्या प्रयोगशाळेत, त्या काळातल्या साधनांवर, नवं बुरशीनाशक सापडतं, याचा मला आजही अभिमान वाटतो. असं काम पुन्हा व्हायला हवं, कारण गरज वाढत चाललीय.

ती वाढवलीय कँडिडा ऑरिसने. २००९ मध्ये टोकियोतल्या एका वृद्धेच्या कानातून ते पहिल्यांदा ओळखलं गेलं, आणि मग काही वर्षांतच दक्षिण आशिया, दक्षिण आफ्रिका, दक्षिण अमेरिका असं एकमेकांशी संबंध नसलेल्या ठिकाणी वेगवेगळ्या घराण्यांनी ते उगवलं. फ्लुकोनाझोल या बुरशीवरच्या नेहमीच्या औषधाला ते बहुधा दाद देत नाही, त्वचेला आणि पलंगाच्या कठड्यांना चिकटून आठवडेच्या आठवडे राहतं. एकाच वेळी इतक्या ठिकाणी का, याबद्दल कासादेवाल यांचा अंदाज तापमानाचा आहे. बहुतेक बुरशींना आपलं ३७ अंशांचं अंग सोसत नाही. तीसच्या पुढे प्रत्येक अंशाला साधारण सहा टक्के जाती गळतात असं त्यांच्या २००९ च्या अभ्यासात दिसलं होतं. पृथ्वी तापत गेली तशी काही यीस्टं उष्णतेला सरावली, असं ते मांडतात. हा अजून अंदाजच आहे. पण २०२१ मध्ये संशोधक अनुराधा चौधरी यांच्या गटाला अंदमानच्या समुद्रकिनाऱ्यावर आणि खारपाणथळीत ऑरिस सापडलं, आणि त्यातलं एक वाण जास्त उष्णतेत हळू वाढणारं निघालं, तेव्हापासून मी तो अंदाज हलक्यात घेत नाही.

रात्री कल्चरच्या मशीनने बाटली दाखवली आणि ग्रॅम स्टेनमध्ये यीस्ट दिसलं की आम्ही लगेच वॉर्डला फोन करतो. पलीकडचा रेसिडेंट बहुतेक वेळा एकच विचारतो, "मॅडम, कुठलं औषध?" मी सांगते, जातीचं नाव यायला वेळ आहे, तोवर एकायनोकँडिन (यीस्टवरच्या औषधांचा एक गट) सुरू कर. पण तेवढ्यावर फोन ठेवू देत नाही. सेंट्रल लाइन किती दिवसांची आहे, काढता येईल का? डोळ्यांचे डॉक्टर पडदा तपासून गेले का? मेरोपेनेम हे जोरदार अँटिबायोटिक अजून खरंच लागतंय का, की कुणी बंद करायचं विसरलंय? स्टेरॉइड कमी करता येईल का? शुगर किती आहे? यातल्या एकाही प्रश्नात यीस्टचं नाव नाही म्हणून नवी मुलं सुरुवातीला गोंधळतात. त्यांना मी दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये बोलावते, जर्म ट्यूबची स्लाइड दाखवते आणि ती नळी कशामुळे निघाली ते त्यांनाच सांगायला लावते.